होस्टेलचं वायफाय आणि शेवटच्या खोलीतला मोबाईल

नेटवर्किंगच्या कामाला लागलो त्याच वर्षी सांगलीत विश्रामबागेतल्या एका होस्टेलचं वायफाय माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी पोरांचे फोन: "दादा, नेट चालंना झालंय, बघा की जरा." मी मालकांना सांगून इंटरनेटची लाईन ५० वरून १०० एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला १० कोटी बिट) करून घेतली. बिल वाढलं, तक्रार तशीच. या कामात नव्यानं येणाऱ्यांचे पैसे असे वाया जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन कॉरिडॉरमध्येच बसलो आणि वायफायचा सिग्नल देणाऱ्या डब्याची, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंटची क्लायंट लिस्ट उघडली. कोण जोडलंय आणि डब्याशी किती वेगानं बोलतंय, हे त्यात दिसतं. बहुतेक जण ५४ एमबीपीएसवर, आणि शेवटच्या खोलीतला एक मोबाईल १ वर. सिग्नल उणे ९० डीबीएम, म्हणजे अगदीच कमजोर, मध्ये दोन जाड भिंती. त्याचे फोटो अपलोड होत होते. त्या पोराला फोन घेऊन कॉरिडॉरमध्ये यायला सांगितलं. लिस्टमधला आकडा चढला आणि शेजारच्या खोलीत अडकलेला व्हिडिओ लगेच सुरू झाला.

एका चॅनेलवर, म्हणजे एकाच रेडिओ पट्ट्यावर, एका वेळी एकानंच बोलायचं, हा वायफायचा नियम. पाळी सगळ्यांना सारखी मिळते, पण ती पॅकेटची, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याची, वेळेची नाही. हिशेब कागदावर करून बघाच. १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. ५४ च्या वेगानं ते पाव मिलिसेकंदाच्या आत जातं, १ च्या वेगानं त्यालाच १२ मिलिसेकंद लागतात. दोघांनी आळीपाळीनं एकेक पॅकेट पाठवलं तर दोघांच्याही हाती जेमतेम १ एमबीपीएस येतो. ५४ वाल्यालासुद्धा! हंगामात अरुंद फरशी पुलावर एक मोटारसायकल, एक उसाची बैलगाडी असं सोडत गेलं तर पाळी सारखीच, पण पूल दिवसभर बैलगाडीनंच अडवलेला. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ साली हा दोष मोजून मांडला होता.

यावर एअरटाइम फेअरनेस नावाचा पर्याय काही अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये असतो. तो पॅकेटऐवजी वेळ वाटतो. वरच्याच हिशेबात अर्धा-अर्धा वेळ दिला तर वेगवान लॅपटॉपला साधारण २७ एमबीपीएस मिळतात आणि हळू मोबाईलला अर्धा एमबीपीएस. मला ही वाटणीच खरी न्यायाची वाटते. मात्र अ‍ॅक्सेस पॉइंटचा ताबा मुख्यतः तो स्वतः पाठवतो त्या डेटावर असतो. मोबाईल अपलोड करायला लागला की आपली पाळी आपणच घेतो, त्यामुळे आमच्या होस्टेलात एवढ्यानं भागलं नसतं.

म्हणून शेवटच्या खोलीजवळ दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावला. पहिला चॅनेल १ वर होता, हा ६ वर ठेवला, २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. त्यानंतरच सेटिंगमधून १, २ आणि ५.५ एमबीपीएस हे हळू वेग बंद केले. हा क्रम उलटा करू नका, नाहीतर लांबचा मोबाईल जोडलाच जाणार नाही.

पुढच्या महिन्यात लाईन परत ५० वर आणली.