शिक्षकांचा विरोध असताना शाळेत नवं काही कसं सुरू करावं

पुण्यात पेठेतल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते. त्या खुर्चीत नव्याने बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, सूचनावही हातात घेऊ नका. मी घेतली होती. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीनुसार चार गट करायचे, अक्षर, शब्द, उतारा आणि गोष्ट, आणि रोजची पहिली तासिका त्यालाच द्यायची, असं ठरवून मी वहीत लिहिलं. शिपाईमामा वर्गावर्गात फिरून आले, चौदा सह्या मिळाल्या. पंधरा दिवसांनी पाहते तर एकाही वर्गात काही हललेलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत सगळ्यात ज्येष्ठ बाईंना विचारलं. डब्याचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "बाई, २०१० ला आकारिकच्या नोंदी आल्या, रात्री बसून लिहिल्या. २०१५ ला ज्ञानरचनावाद आला, गुडघ्यावर बसून फरश्या रंगवल्या. २०२१ ला निपुण भारत. आधीच्याचं काय झालं ते कुणी येऊन विचारलं नाही. तुमचंही दोन वर्षांत जाईल."

आकारिक म्हणजे वर्षभर मुलाकडे पाहून ठेवायच्या मूल्यमापनाच्या नोंदी, ज्ञानरचनावाद म्हणजे मुलाने स्वतः करून शिकावं हा विचार, आणि निपुण भारत ही लहान वर्गांत वाचन आणि गणित पक्कं करण्याची केंद्राची मोहीम. या बाई आळशी नव्हत्या. दर वेळी जीव ओतून केलं आणि दर वेळी ते वाऱ्यावर सोडलेलं पाहिलं, म्हणून त्या थांबल्या होत्या. तेव्हा नवीन काही सांगण्याआधी प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा: आधीच्या उपक्रमांतलं तुम्ही काय अजून करता? आमच्याकडे पहिलीच्या बाई फरशीवरची ती संख्यारेषा अजून रोज वापरत होत्या. मला ते माहीतही नव्हतं.

मग वर्गात जाऊन बसा. लॉगबुक, म्हणजे वर्ग पाहून शेरे लिहायची वही, कार्यालयातच ठेवा, ते हातात दिसलं की शिक्षक आखडतो. शेवटच्या बाकावर पूर्ण तासिका बसा, दहा मिनिटांत उठू नका. त्याच ज्येष्ठ बाई जोडाक्षरं शिकवत होत्या. पुस्तक मिटलेलं. फळ्यावर बसच्या पाट्या लिहिलेल्या: स्वारगेट, पर्वती, कर्वेनगर, विश्रांतवाडी. "पर्वतीचा र कुठे गेला?" असं विचारताच एक मुलगा धावत जाऊन 'व'च्या डोक्यावरच्या रफारावर बोट ठेवून उभा राहिला. इतकी वर्षं हे त्या एकाच खोलीत होतं. मी त्यांना म्हटलं, शब्दगट तुम्ही घ्या, आणि बाकीच्यांना हे दाखवा. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर म्हणाल्या.

नवं काम देण्याआधी जुनं एक काढून घ्या, हे फार महत्त्वाचं. आमच्याकडे रोज काय शिकवायचं त्याचं टाचण होतं आणि तेच पुन्हा साप्ताहिक नियोजनाच्या वेगळ्या वहीत लिहावं लागायचं. ती वही मी बंद केली. यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, निवडणुकीची कामं आपल्या हातात नसतात, पण कधी सुरू करायचं हे असतं. जूनमध्ये नको: प्रवेश, पुस्तकवाटप, त्यातच पालखी. दुसऱ्या सत्राचा पहिला आठवडा उत्तम.

"पोर्शन कोण पूर्ण करणार?" हा प्रश्न सगळे विचारतात. त्यामागचा दुसरा प्रश्न कुणी उच्चारत नाही: माझ्या वर्गातली मुलं कच्ची आहेत हे सगळ्यांना दिसणार. पहिल्याचं उत्तर वेळापत्रकात शोधा. आम्ही आठवड्याची एक मराठीची आणि एक कार्यानुभवाची तासिका वळवली आणि उरलेल्या दिवशी परिपाठानंतरची वीस मिनिटं धरली. दुसऱ्यासाठी नियमच करा. वाचनचाचणी ज्याच्या त्याच्या वर्गशिक्षकानेच घ्यायची, कागद त्याच्याकडेच राहणार, वर्गांची तुलना फळ्यावर लागणार नाही, शनिवारच्या सभेत कुणाच्या वर्गाचं नाव निघणार नाही. एकदा जरी मोडलात तर पुढच्या चाचणीत सगळी मुलं 'गोष्ट' पातळीवर सापडतील.

सुरुवात दोन राजी शिक्षकांपासून करा, पण "बघा, तरुण मंडळी कशी करतात" असं ज्येष्ठांपुढे कधीही म्हणू नका. एक गट स्वतः घ्या, अक्षराचा, सगळ्यात अवघड. मी घेतला तेव्हा पाचवीतली एक मुलगी 'घ' आणि 'ध' यांत रोज अडायची. सभेत मी तेच मांडलं, आणि तिथून पहिल्यांदा शिक्षक खोलीत पोर्शनऐवजी मुलांबद्दल बोलणं सुरू झालं.

एक सर शेवटपर्यंत आले नाहीत. गणित ते मनापासून शिकवायचे, मी आग्रह सोडला. मुलांना मारणं किंवा घालून-पाडून बोलणं ही मात्र वेगळी बाब. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने दोन्हींना मनाई आहे. तिथे समजूत काढत बसू नका, लेखी कारवाई करा.

सूचनावहीत मी तो उपक्रम पुन्हा लिहिला तो फेब्रुवारीत, चौदापैकी नऊजण घेऊ लागल्यावर. मजकूर ज्येष्ठ बाईंनी सांगितला, मी फक्त सही केली.