रेकॉर्ड सीडीवर उतरवताना या चुका टाळा

इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर, टिळक नगर भागातल्या मराठी घरांमधून अजूनही रेकॉर्डींचे गठ्ठे निघतात: नाट्यगीतांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या, भावगीतांच्या छोट्या ईपी, ख्यालाच्या मोठ्या एलपी. घरचा प्लेअर, अँप्लिफायर आणि लॅपटॉप एवढ्यावर त्या सीडीवर उत्तम उतरतात. बिघडतं ते बहुतेक वेळा सुई आणि लॅपटॉप यांच्या दरम्यान, आणि तिथे गेलेला आवाज पुढे कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

आवाज पातळ, चिरका येतो

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे प्लेअरची वायर थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालणं. एलपी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे स्वर मुद्दाम जास्त ठेवलेले असतात, नाहीतर खर्जाच्या रुंद लाटांमुळे शेजारशेजारच्या खोबणी एकमेकींत घुसल्या असत्या. वाजवताना हे उलटं करून घ्यावं लागतं. १९५४च्या सुमारास त्याचं आर.आय.ए.ए. हे प्रमाण ठरलं, आणि ते काम फोनो प्रीअँप करतो. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या डबीतून, निघतात जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट. ते शंभरेक पट वाढवणंही त्याच्याकडेच.

जुन्या अँप्लिफायरच्या मागे ‘फोनो’ लिहिलेलं असेल तर प्रीअँप आतच आहे. प्लेअर तिथे जोडा आणि ‘टेप आउट’मधून आवाज लॅपटॉपच्या लाइन इनला न्या. हल्लीच्या लॅपटॉपला लाइन इन सहसा नसतं, तेव्हा साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (लाइनचा आवाज यूएसबीतून लॅपटॉपला देणारा छोटा डबा) घ्या. माइकचं भोक बहुधा मोनोच असतं, त्यामुळे स्टिरिओ रेकॉर्डीचा अर्धा जीव तिथेच जातो.

याच्या नेमकं उलट, आवाज घुमणारा आणि फाटलेला आला, तर प्रीअँप दोनदा लागला आहे. नव्या प्लेअरच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असा खटका असतो. तो ‘लाइन’वर असताना वायर अँप्लिफायरच्या ‘फोनो’त घालू नका.

एच.एम.व्ही.च्या जुन्या पेटीवजा प्लेअरची गोष्ट निराळी. त्यात बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज असते. तिचा आवाज मुळातच मोठा, तिला फोनो प्रीअँप नको, अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये घाला. पण असा जड आर्म (सुईचा दांडा) चांगल्या एलपीवर ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. मॅग्नेटिक कार्ट्रिज साधारण दीड-दोन ग्रॅम भारावर चालते, जुना आर्म त्याच्या कितीतरी पट दाबतो.

खाली सतत घुर्र ऐकू येते

आधी प्लेअरची बारीक अर्थिंगची वायर अँप्लिफायरच्या मागच्या स्क्रूला लावली आहे का ते बघा. लावूनही घुर्र राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बरेचदा तिथेच थांबते. वीज गेली आणि घरचा इन्व्हर्टर लागला की बऱ्याच घरांत भणभण सुरू होते, कारण साध्या इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटेची असते. लाइट येईपर्यंत रेकॉर्डिंग थांबवा.

स्पीकर चालू ठेवून रेकॉर्ड करू नका, हेडफोन लावा. स्पीकरचा धक्का सुईपर्यंत पोचतो आणि खर्ज गढूळ होतो. राजवाड्याजवळ राहणाऱ्यांनी रंगपंचमीच्या गेरच्या (मिरवणुकीच्या) दिवशी तर हात लावूच नये; ट्रकांवरच्या भोंग्यांचा दणका फरशीतून येतो.

तानेच्या जागी आवाज फाटतो

डिजिटलमध्ये शून्य डेसिबलच्या वर जागाच नाही. ख्याल सुरू होतो तो हळू. त्यावर पातळी लावली की पुढे द्रुतातली (जलद भागातली) तान आणि तबल्याची थाप कापली जाते. म्हणून सुई आधी द्रुताच्या भागावर ठेवा, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास येईल अशी पातळी लावा, आणि मग पहिल्यापासून रेकॉर्ड करा. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर घ्या. सीडीसाठी शेवटी १६ बिट करा. मधे एमपी३ कुठेही नको. विंडोजमधली आवाज आपोआप वरखाली करणारी सोय आठवणीने बंद करा.

७८च्या तबकड्या

यांना वेगळी सुई लागते. एलपीची सुई सुमारे १८ ते २५ मायक्रॉनची, ७८ची ६५ ते ७५ची. बारीक सुई रुंद खोबणीच्या तळाशी लोळते आणि खरखरच जास्त उचलते. धुताना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात वापरू नका, लाखेची तबकडी त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, खोबणीच्या दिशेने पुसणं, लेबल कोरडं ठेवणं एवढं पुरे.

आणि सूर तपासा. बेल्ट सैल असेल किंवा गती थोडी चुकली असेल तर आकडे बघून कळत नाही. हार्मोनियम घेऊन बसा. गती सहा टक्के चढली की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने वर जातो; काळी एकचा गवय्या पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो.

तानपुरा धुऊन टाकू नका

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. सॉफ्टवेअरचं नॉइज रिडक्शन सतत चालणाऱ्या आवाजाला कचरा समजतं, आणि तानपुरा सतत चालतो. ख्यालगायक अमीर खाँ साहेब याच शहरात वाढले. त्यांचा अतिविलंबित झूमरा ताल आणि दोन स्वरांमधला तो लांब विसावा आठवा. तिथे ऐकू येतो तो तानपुराच. खरखर काढायच्या नादात तो गेला की गाणं पोकळ भिंतीसमोर उभं राहतं. टिकटिक काढणारं फिल्टरही जोरात लावलं तर तबल्याच्या चाटीची (कडेवरच्या बोटाच्या आघाताची) धार जाते. मोठे ओरखडे एकेक करून हाताने काढा, बारीक खरखर राहू द्या. आणि मूळ, न धुतलेली फाइल हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी ठेवा. कान बदलतात, सॉफ्टवेअरही सुधारतं.

सीडी करताना

विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक केलेत आणि मधे दोन सेकंदांची शांतता आली, तर बर्निंग ‘डिस्क अ‍ॅट वन्स’ पद्धतीने, म्हणजे सगळी सीडी एका दमात, करा आणि गॅप शून्य ठेवा. तरी जोडाशी टिक येत असेल, तर काप सीडीच्या फ्रेमच्या (सीडीवरच्या आवाजाच्या छोट्या तुकड्याच्या) कडेवर पडलेला नाही. एका सेकंदात ७५ फ्रेम असतात. ऑडॅसिटीत त्याप्रमाणे काप अडकवण्याची सोय आहे.

८० मिनिटांच्या सीडीवर साधारण दीड एलपी मावते, पण एकाच एलपीच्या दोन्ही बाजू एका सीडीवर ठेवणं बरं. ‘डेटा’ नव्हे, ‘ऑडिओ सीडी’ निवडा. घरच्या सीडी रेकॉर्डर डेकवर केलेली सीडी दुसऱ्या प्लेअरवर चालत नसेल तर ती बहुतेक फायनलाइझ (लिहून झाल्यावर बंद) करायची राहिली आहे. अशा डेकला ‘म्युझिक’ असं छापलेली कोरी सीडीच लागते, साधी तो घेतच नाही. वर स्टिकर चिकटवू नका, पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहा. गायक, राग आणि रेकॉर्डीच्या लेबलवरचा क्रमांकही त्यात असू द्या.