हिवाळी सल्ला : तळ्यातील कोई मासे

दिवाळीनंतर पाणी गार पडू लागलं की कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) खाद्यावर पूर्वीसारखे तुटून पडत नाहीत. पुष्कळ जण हा आजार समजून औषध आणतात आणि खाद्य मात्र पावसाळ्याइतकंच टाकत राहतात. खरी गडबड तिथून सुरू होते. गार पाण्यात माशाचं पचन मंदावतं, न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजतं आणि अमोनिया वाढतो.

म्हणून आधी थर्मामीटर घ्या. पाण्याचं तापमान २० अंशांच्या वर असेल तर नेहमीचं खाद्य, १५ ते २० असेल तर निम्मं आणि तेही दुपारी उन्हात एकदाच. १५ च्या खाली अगदी थोडं, १० च्या खाली बंद. निफाडकडे ही वेळ येऊ शकते, कोकणात सहसा नाही. मासा उपाशी मरेल ही भीती सोडा. त्या थंडीत त्याला फारसं लागतच नाही.

सामू (पाण्याचा pH) वाढला की तोच अमोनिया जास्त घातक होतो. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात सामू दुपारनंतर चढतो, तेव्हा केवळ सकाळच्या तपासणीवर विसंबू नका. बोअरचं पाणी सोडताना ते फवाऱ्यासारखं पाडा, कारण त्यात ऑक्सिजन कमी असतो.

आता नवीन मासे. कोई हर्पीस विषाणूवर औषध नाही आणि हा रोग साधारण १६ ते २५ अंशांच्या पाण्यात उफाळतो. आपल्या हिवाळ्यातलं पाणी बऱ्याच ठिकाणी याच पट्ट्यात असतं. विकत आणलेला मासा कितीही देखणा असो, तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत, २२ ते २४ अंशांच्या पाण्यात ठेवा, म्हणजे रोग असेल तर तिथेच दिसेल. त्या टाकीचं जाळं आणि बादलीही वेगळी. इथे कंजूषी केली तर अख्खं तळं जाऊ शकतं.

मासे काठाला, दगडाला अंग घासत असतील तर त्यांच्या अंगावर उवा (माशांना चिकटणारे परजीवी) आहेत का पाहा. चपट्या, डोळ्यांना दिसतात. त्या कठीण पृष्ठभागावर अंडी घालतात. तळ्यात बांबू उभे रोवा, आठवड्याने काढून कडक उन्हात वाळवा, पुन्हा रोवा. सोबत बाधित माशांना लिटरला २० ग्रॅम मिठाच्या पाण्यात जास्तीत जास्त पाच मिनिटं ठेवा. मासा कलंडला की लगेच बाहेर.

जखमा किंवा एकाएकी मर दिसली तर मनाने प्रतिजैविकं टाकू नका. जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाला किंवा नागपूर, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाला विचारा. तपासणीसाठी आजारी पण जिवंत मासा लागतो, कुजलेल्यावरून काही कळत नाही.