खोकल्याची वाट बघत बसू नका: डुकरांच्या श्वसनरोगात या चुका टाळा

शेडमध्ये खोकला ऐकू आला की सगळी धावपळ सुरू होते. पण त्या आधीच डुकरांचं वागणं बदललेलं असतं. कोण कुठे झोपलंय, कसं झोपलंय, कोण उठायला वेळ लावतंय, यात अर्धं निदान असतं. ते हुकतं, कारण आपण चुकीच्या वेळी आणि चुकीच्या पद्धतीने बघतो.

बादली वाजवत आत जाणं

ही सगळ्यात मोठी चूक. खाद्याचा आवाज आला की अंगात ताप असलेलं डुक्करही इतरांबरोबर उठतं, आणि आपल्याला वाटतं सगळी ठणठणीत आहेत. आधी बाहेर पाच मिनिटं गुपचूप उभं राहा. मग आत जाऊन सगळ्यांना उठवा. कोण उठत नाही, कोण उठून लगेच परत बसतं, कोण गव्हाणीजवळ येऊन तोंड न लावता मागे फिरतं, ते टिपा. मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियात कोरडा खोकला असतो आणि तो बहुतेकदा हालचाल झाल्यावरच येतो. म्हणून उठवल्यानंतर दोन-तीन मिनिटं थांबून कान द्या. झोपलेल्या कप्प्यात शांतता असणारच, तिच्यावर जाऊ नका.

याच आजारात दुसरी फसगत होते ती भुकेची. डुकरं खात राहतात, फक्त वाढत नाहीत. एकाच वयाच्या कप्प्यात लहान-मोठी जनावरं दिसायला लागली की "खाणं तर चालू आहे" हे समाधान काही कामाचं नाही.

"उकाड्याने धापतंय" म्हणून सोडून देणं

डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, त्यामुळे उन्हाळ्यात ते धापा टाकतं हे खरं. पण उकाड्यातलं डुक्कर कुशीवर पाय ताणून, एकमेकांपासून लांब, ओल्या जागी पडतं. तापातलं डुक्कर पाय पोटाखाली घेऊन, दुसऱ्याच्या अंगाला चिकटून, केस उभे करून बसतं. उकाडा सगळ्या कप्प्याला लागतो, आजार आधी दोघा-चौघांना. खात्री करायची तर पहाटे गारव्यात श्वास मोजा. शांत पडलेल्या वाढत्या डुकराचे श्वास मिनिटाला साधारण २५ ते ३५ असतात. आकड्याइतकंच कुशीकडेही बघा. छातीऐवजी पोट भात्यासारखं उडत असेल, तर फुप्फुसाला त्रास आहे. मग थर्मामीटर लावा: ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास ठीक, ४० च्या वर ताप.

कुत्र्यासारखं बसलेलं डुक्कर हाकलणं

पुढचे पाय फाकवून, मान पुढे काढून, तोंडाने श्वास घेत बसलेलं डुक्कर आळशी नसतं. आडवं झालं की त्याला श्वास पुरत नाही. फुप्फुस आणि त्याच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जिवाणूजन्य आजारात असं दिसतं आणि जनावर दिवसभरातही दगावू शकतं. अशाला पळवलं तर तिथंच कोसळेल. पशुवैद्यकाला त्याच्यापाशी आणा.

औषधाबाबत थोडक्यात: खाद्यात मिसळलेलं औषध निरोगी डुकरं फस्त करतात, ज्याने खाणं सोडलंय त्याला काहीच मिळत नाही. फार आजारी जनावर पाणीही कमी पितं, त्याला इंजेक्शनच लागतं. आणि फ्लूच्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, ते दिलं तर मागून येणाऱ्या जिवाणूंसाठी. फ्लू माणसाकडून डुकरांना आणि डुकरांकडून माणसाला होतो, त्यामुळे सर्दी-ताप असलेल्या कामगाराला त्या दिवशी शेडमध्ये पाठवू नका.

शेपूट चावणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणं

चावणारा दिसतो, म्हणून त्याला वेगळा काढतात. पण ताप आणणारी रोगप्रतिकाराची रसायनं मेंदूवरही काम करतात. डुक्कर खेळत नाही, उकरत नाही, सोबत्यांशी नेहमीसारखं वागत नाही. कप्प्यात श्वसनरोग फिरत असेल तर शेपूट-कान चावण्याचा धोका वाढतो. तेव्हा जखमेवर औषध लावताना छातीकडेही लक्ष द्या.

खोकला आला म्हणून खिडक्या बंद करणं

थंडी लागू नये हा हेतू चांगला, परिणाम उलटा. कोंडलेला अमोनिया श्वासनलिकेतली कचरा बाहेर ढकलणारी सूक्ष्म लव निकामी करतो. रोज आत वावरणाऱ्याच्या नाकाला तो वास जाणवेनासा होतो, म्हणून बाहेरच्या माणसाला विचारा. झोपायच्या उंचीवरचा थेट झोत अडवा, कोरडं आंथरूण द्या, वरची हवा मात्र वाहती ठेवा.

मोठा ताप, कान-पोट लालसर-जांभळं आणि लागोपाठ मरतूक असं एकत्र दिसलं, तर श्वसनरोग समजून घरगुती उपाय करत बसू नका. स्वाइन फीव्हर, म्हणजे डुकरांचा झपाट्याने पसरणारा जीवघेणा विषाणूजन्य ताप, हाही असू शकतो. जनावरं हलवू नका, विकू नका, मेलेलं स्वतः कापून बघू नका. आधी पशुवैद्यकाला फोन.