समुद्राकाठी घर घेण्याआधी एक जुलै तिथं काढा
कोल्हापूर सोडून मालवण-वेंगुर्ल्याकडं राहायला जायचं मनात असेल, तर डिसेंबरात घर बघू नका. डिसेंबरात कोकण सगळ्यांनाच आवडतं. जुलैत महिनाभर भाड्यानं राहा. लाईट किती वेळ जाते, कोल्हापूरकडं येणाऱ्या करूळ घाटात दरड कोसळली तर सीपीआरला (कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात) कसं पोचणार, हे तेव्हाच कळतं. मे महिन्यात पुन्हा जाऊन विहिरीचं पाणी चाखा, मचूळ लागतंय का बघा. खाऱ्या हवेनं ग्रिल, पत्रे लवकर गंजतात, तो खर्च धरा. (तांबडा-पांढरा रस्सा आठवेल तो वेगळाच.) आणि कोल्हापूर शहरातच राहायचं ठरलं, तर २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी त्या गल्लीत कुठवर आलं होतं, ते मालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारा.