माजी सैनिकांची रोजगार-नोंदणी: नाशिकमध्ये कुठे, कशी आणि कोणत्या क्रमानं

फौजेतून सुटून आलेल्याला सरकारी नोकरीत प्राधान्य असतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण ते आपोआप मिळत नाही. अर्ज भरताना नेमक्या रकान्यात मागावं लागतं आणि पडताळणीच्या टेबलावर कागदानं सिद्ध करावं लागतं. पुष्कळांची संधी जाते ती परीक्षेत नाही, या दोन ठिकाणी.

आधी स्वतःला तपासा. नियमांच्या भाषेत ‘माजी सैनिक’ म्हणजे नुसता गणवेश घातलेला माणूस नव्हे. निवृत्तिवेतन मिळवून सेवामुक्त झालेला, सेवेमुळे आलेल्या आजारपणानं किंवा अपंगत्वानं घरी पाठवलेला, किंवा ठरलेली मुदत पूर्ण करून उपदान (ग्रॅच्युइटी) घेऊन सुटलेला, असा त्याचा ढोबळ अर्थ. निवृत्तिवेतनाइतकी सेवा होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलेले, तसंच गैरवर्तनावरून काढलेले यात बसत नाहीत. अग्निवीरांना २०२२ च्या योजनेनुसार माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्यांच्यासाठीच्या राखीव जागा वेगळ्या जाहीर होतात, तेव्हा अग्निवीरानं माजी सैनिकाच्या रकान्यावर खूण करू नये. पडताळणीत ती खोडली जाते.

कागद

मुख्य कागद म्हणजे डिस्चार्ज बुक, सेवामुक्तीच्या वेळी मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक. ते उघडून पाच गोष्टी पाहा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, भरतीची व सेवामुक्तीची तारीख, सुटण्याचं कारण आणि चारित्र्याचा शेरा. मग तेच नाव आणि तीच जन्मतारीख आधार, पॅन, दहावीचं प्रमाणपत्र आणि पीपीओवर (निवृत्तिवेतनाच्या आदेशावर) आहे का ते ताडून बघा. गावाकडं नाव ‘ज्ञानेश्वर’, पुस्तकात ‘दिनेश्वर’ असं सर्रास असतं. भरतीच्या वेळी कारकुनानं जे ऐकलं ते लिहिलं, आणि पुढची सतरा वर्षं कुणाचं अडलं नाही.

पुस्तकातली चूक प्रतिज्ञापत्रानं मिटत नाही. ती तुमच्या रेकॉर्ड ऑफिसकडूनच, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाकडूनच, दुरुस्त व्हायला हवी. तोफखान्यातून सुटलेल्यांना नाशिकमध्ये एक सोय आहे: त्यांचं रेकॉर्ड ऑफिस, तोफखाना अभिलेख, नाशिक रोड कॅम्पातच आहे. बाकी रेजिमेंटवाल्यांना टपाल आणि ईमेलवर अवलंबून राहावं लागतं, त्यामुळं जाहिरात येण्याची वाट न पाहता हे काम आधी हातात घ्या. पत्नीचं किंवा मुलांचं नाव नोंदवायचं राहिलं असेल तर त्याच वेळी अर्ज करा. पुढं कुटुंबीयांच्या सवलतींच्या वेळी हीच नोंद पाहिली जाते.

दोन नोंदण्या

पहिली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. लोक अजूनही त्याला सैनिक बोर्डच म्हणतात. मूळ पुस्तक, पीपीओ, आधार, पॅन, शिक्षणाची प्रमाणपत्रं, नाशिक जिल्ह्यातल्या पत्त्याचा पुरावा आणि फोटो घेऊन जा, शिवाय सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. इथं माजी सैनिकाचं ओळखपत्र होतं. त्याच खेपेत ‘रोजगारासाठी वेगळी नोंद करायची आहे’ असं स्पष्ट सांगा. ओळखपत्र झालं म्हणजे नोकरीची नोंद झाली असं नव्हे. रिक्त जागा कळवणाऱ्या आस्थापनांना हे कार्यालय नावं पाठवतं, पण ती रोजगाराच्या यादीतूनच.

देवळालीत शेवटची नेमणूक होती म्हणून नाशिकला घर केलेले, पण पुस्तकावर साताऱ्याचा किंवा सांगलीचा पत्ता असलेले बरेच आहेत. आधी त्या जिल्ह्यात नोंद झाली असेल तर ती इकडं वर्ग करून घ्या. दोन जिल्ह्यांत दोन नोंदी ठेवू नका. राज्याबाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांनी हेही पाहावं: राज्य शासनाच्या भरतीत महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र मागतात, आणि ते सैनिक कार्यालय देत नाही.

दुसरी नोंदणी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राची. ती महास्वयम संकेतस्थळावर आधारनं होते. तिथं प्रवर्गात माजी सैनिक निवडा आणि कामाचा अनुभव नागरी भाषेत लिहा. ‘डीएमटी’ म्हणजे काय हे अंबडच्या कारखान्यातल्या भरती अधिकाऱ्याला कसं कळणार? ‘अवजड वाहनचालक, १४ वर्षं, डोंगराळ रस्त्यांचा अनुभव’ असं लिहा. नागरी परवान्यावर अवजड वाहनाची नोंद आहे का तेही बघा. नुसत्या पुस्तकातल्या ट्रेडवर गाडी हातात मिळत नाही. ‘क्लर्क एसडी’ (कार्यालयीन कारकून) असाल तर टपाल, नस्ती, संगणक आणि टंकलेखनाचा वेग लिहा.

जाहिरात वाचताना

महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्र सरकारच्या खात्यांत गट क ला १० टक्के आणि पूर्वीच्या गट ड ला २० टक्के. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्या आणि राष्ट्रीयीकृत बँकांत हाच आकडा १४.५ आणि २४.५ टक्के आहे, त्यातले ४.५ टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांसाठी आणि युद्धात कामी आलेल्यांच्या अवलंबितांसाठी. ओझरची एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) आणि नाशिक रोडचे दोन्ही सरकारी छापखाने (करन्सी नोट प्रेस आणि इंडिया सिक्युरिटी प्रेस) केंद्राच्या कंपन्यांत मोडतात, म्हणून त्यांच्या जाहिराती राज्याच्या नियमांनी वाचू नका.

समांतर म्हणजे आडवं आरक्षण. प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत माजी सैनिकांच्या जागा वेगळ्या असतात. इतर मागास वर्गातला माजी सैनिक खुल्या आणि आपल्या, अशा दोन्ही प्रवर्गांतल्या माजी सैनिकांच्या जागांवर विचारात घेतला जातो. पण आपल्या प्रवर्गातल्या जागेसाठी जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर लागतंच. केंद्राचा नमुना वेगळा, राज्याचा वेगळा.

वयाच्या हिशेबात सर्वांत जास्त घोळ होतो. राज्यात पदाच्या कमाल वयात सैन्यातली सेवा अधिक ३ वर्षं मिळवायची. पोलीस शिपायाची खुल्या प्रवर्गाची मर्यादा २८ आणि सेवा १७ वर्षं असेल तर २८ + १७ + ३ = ४८. केंद्रात उलट वजाबाकी आहे: आजच्या वयातून सेवा वजा करा, उरलेला आकडा कमाल वयाच्या ३ वर्षांहून जास्त पुढं जाता कामा नये. वय ४१, सेवा १७, उरले २४. मर्यादा २७ असेल तर ३० पर्यंत चालतं, म्हणजे तुम्ही पात्र. अपंगत्व आलेल्या माजी सैनिकासाठी राज्यात कमाल ४५ ही वेगळी अट आहे. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते जाहिरातीतच असतं, पाठ्यपुस्तकी अंदाज करू नका.

पदवी नाही म्हणून अर्जच न करणारे खूप आहेत. दहावी उत्तीर्ण किंवा इंडियन आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन, आणि १५ वर्षं सेवा, एवढ्यावर गट क मधल्या पदवीच्या पदांना अर्ज करता येतो, जर त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभवाची सक्ती नसेल तर. तलाठी भरतीत हेच कलम होतं. सेवा १४ वर्षं ११ महिने असेल तर मात्र हे कलम लागू होत नाही.

राज्याच्या १५ टक्क्यांतही पसंतीक्रम आहे: सेवेमुळं अपंगत्व आलेला माजी सैनिक आधी. सैनिकी सेवेमुळं मृत झालेल्या किंवा अपंगत्वामुळं नोकरीला अयोग्य ठरलेल्या सैनिकाच्या कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला त्यानंतरचा क्रम मिळतो. वीरपत्नीनं नोंदणी स्वतःच्या नावानं करावी. पतीच्या जुन्या नोंदीवर तिचं नाव कुणी पाठवत नाही.

अजून सेवेत असाल तर शेवटच्या वर्षात केंद्राच्या पदांना अर्ज करता येतो. त्यासाठी युनिटचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात सुटण्याची तारीख स्वच्छ लिहिलेली हवी.

रुजू होण्याआधी

केंद्राच्या नियमांत राखीव जागेचा लाभ पहिल्या नियमित नागरी नोकरीपुरता आहे. रुजू झालात की तो संपतो. वयाची सवलत तेवढी गट क आणि ड मध्ये पुढच्या पदासाठी राहते. म्हणून सुरक्षारक्षकासारखं कंत्राटी काम घ्यायला घाबरू नका. मेस्को, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, अशा जागा देतं. केव्हाही काढून टाकता येईल अशा हंगामी किंवा कंत्राटी नोकरीनं हक्क जात नाही.

एक वाट अजून उघडी आहे, आणि फार थोडे तिचा उपयोग करतात. पहिली नियमित नोकरी स्वीकारण्याआधी तुम्ही आणखी चार ठिकाणी अर्ज केले असतील, तर रुजू होतानाच आपल्या कार्यालयाला लेखी यादी द्या: पदाचं नाव, जाहिरात क्रमांक, अर्ज केल्याची तारीख. १४ ऑगस्ट २०१४ च्या केंद्राच्या आदेशानुसार त्या यादीतल्या पुढच्या नोकरीसाठी आरक्षण टिकतं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या आणि ती प्रत पुस्तकातच ठेवा. चार महिन्यांनी दुसरीकडचा निकाल लागल्यावर दिलेली यादी कुणी धरत नाही.