माइनक्राफ्टमध्ये घर बांधून झालं, आता पुढे काय? टेरारिया घ्या, पण असा सुरू करा

दोन्ही गेम 2011 चेच, टेरारिया मे महिन्यात आला आणि माइनक्राफ्टचं पूर्ण व्हर्जन नोव्हेंबरात, आणि तेव्हापासून "टेरारिया म्हणजे टूडी माइनक्राफ्ट" हे ऐकून ऐकून कान किटलेत. खणायचं, झाडं तोडायची, रात्री झॉम्बी येणार, इथवर सारखंच आहे म्हणा. पण माइनक्राफ्ट तुम्हाला मोकळं रान देतो आणि गप्प बसतो, काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. ज्याच्या डोक्यात आधीच एखादा किल्ला नाहीतर रेडस्टोनचं (गेममधल्या विजेसारख्या तारांचं) मशीन घोळतंय त्याच्यासाठी त्याच्यासारखा गेम नाही, पण आपल्यासारख्यांचं काय होतं, घर झालं, शेत झालं, हिरे मिळाले, एंडर ड्रॅगनपर्यंत, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रूपर्यंत, जायचा कंटाळा आला आणि वर्ल्ड तसंच पडून राहिलं. टेरारियात पुढचं काम कायम समोर असतं, हा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, मारला की हे मिळतं, त्याचा पिकॅक्स केला की ते खणता येतं, म्हणून आपलं मत टेरारियाला.

तरी घेण्याआधी एकदा बघा. घरातल्या लहानग्यांसोबत बसून खेळायचं असेल तर सरळ माइनक्राफ्टचा क्रिएटिव्ह मोड, त्यात वाद नाही. लॅपटॉप जुना असेल, माइनक्राफ्टमध्ये रेंडर डिस्टन्स (किती लांबचं दिसतं ते) कमी करकरून धुकंच दिसत असेल, किंवा थ्रीडी गेममध्ये गरगरत असेल तर टेरारिया. आणि स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या साइटवर, सेल लागेपर्यंत थांबा, बऱ्याचदा अर्ध्या किमतीत मिळतो.

आता खरी अडचण. टेरारियाचे पहिले एक-दोन तास बोअर आहेत, बरेच जण तिथेच सोडून देतात, म्हणून तेवढं नीट पार पाडायचं.

वर्ल्ड स्मॉल घ्या, मोड क्लासिक. एक्सपर्ट बिक्स्पर्ट नंतर बघू. हातात तांब्याची छोटी तलवार, पिकॅक्स आणि कुऱ्हाड असते, कुऱ्हाडीने झाड बुंध्यापासून तोडलं की अख्खं खाली येतं, माइनक्राफ्टसारखं वर लटकत नाही. 10 लाकडांत वर्कबेंच होतं. उड्या मारत येणारे स्लाइम मारले की जेल मिळते, जेल आणि लाकूड मिळून टॉर्च, त्या भरपूर करून ठेवा. खणताना कंट्रोल दाबून स्मार्ट कर्सर (ब्लॉक आपोआप निवडणारा) चालू करा, नाहीतर एकेका ब्लॉकवर माउस नेऊन हात दुखेल.

सुरुवातीलाच शेजारी एक माणूस उभा असतो, गाइड. नवीन लोक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि मग रेसिपी शोधत बसतात. त्याच्याशी बोलून क्राफ्टिंगवर जा आणि हातातली कुठलीही वस्तू त्या चौकोनात ठेवा, त्यापासून काय काय बनतं ते सगळं दाखवतो.

मग घरं. इथे नुसता निवारा पुरत नाही, गेममधल्या लोकांना राहायला खोल्या लागतात, आणि लोक आले की दुकानं आली. खोली भिंती धरून किमान 60 ब्लॉकची, साधारण 10 बाय 6 केली की भागतं. दार, टेबल, खुर्ची, टॉर्च, आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं म्हणजे मागची भिंत. जमिनीखाली आपोआप असलेली मातीची भिंत चालत नाही, स्वतः लावलेली पाहिजे. कोणी राहायला येत नसेल तर हाउसिंग मेनूमधलं प्रश्नचिन्ह निवडून त्या खोलीवर क्लिक करा, काय कमी आहे ते तोंडावर सांगतो. जवळ 50 चांदीची नाणी जमली आणि खोली रिकामी असली की मर्चंट, म्हणजे दुकानदार, येतो, आणि तो असताना तुम्ही लाइफ वाढवलं की नर्सही येते, पैसे घेऊन बरं करणारी.

लाइफ वाढवायचं म्हणजे खाली गुहांत लाल हृदयाच्या आकाराची लाइफ क्रिस्टल असतात ती पिकॅक्सने फोडायची, एकाला 20. सुरुवात 100 वर होते, पाच मिळाली की 200. आणि इथे सावध, कारण लाइफ 200, थोडं चिलखत आणि गावात तीन-चार माणसं एवढं जमलं की कुठल्याही रात्री आय ऑफ कथूलू हा बॉस आपणहून येऊ शकतो, भला मोठा डोळा. "कोणीतरी वाईट तुमच्यावर नजर ठेवून आहे" अशा अर्थाचा मेसेज आला की समजायचं.

तो यायच्या आधीच तयारी करा. घराजवळ मोकळ्या आकाशाखाली लाकडी प्लॅटफॉर्मच्या दोन लांबच लांब ओळी टाका, एकीच्या वर दुसरी, मध्ये उडी मारण्याइतकी जागा. मध्यावर कॅम्पफायर. धनुष्य आणि टॉर्च वापरून केलेले पेटते बाण, तलवार घेऊन जवळ जायच्या भानगडीत पडू नका. त्याचं अर्धं लाइफ गेलं की डोळ्याची बाहुली फाटून खाली दातांचं तोंड उघडतं आणि तो सुसाट अंगावर येतो, तेव्हा एका दिशेला धावत राहायचं आणि धडक आली की खालच्या ओळीवर उतरायचं. रात्र पडल्या पडल्या सुरू करा, उजाडलं की तो पळून जातो आणि सगळी मेहनत पाण्यात. स्वतः बोलवायचा असेल तर डीमन आय (रात्री उडत येणारे डोळे) मारून मिळणाऱ्या 6 लेन्सपासून जमिनीखाली सापडणाऱ्या डीमन ऑल्टरपाशी सस्पिशस लुकिंग आय ही वस्तू बनवा आणि ती रात्री वापरा.

हा मेला की गेम कळला समजा, पुढचं गाइड सांगेलच. फक्त एक, अगदी तळाशी लाव्हाच्या जगात पोचाल तेव्हा हातात बाहुली घेऊन उडणारा एक डीमन दिसेल. तो लाव्हावर असताना त्याला मारू नका. बाहुली गाइडची असते, लाव्हात पडली की गाइड मरतो आणि वॉल ऑफ फ्लेश ही बॉस तिथल्या तिथे हजर होते, तयारी असो नसो, आणि तिला हरवलं की अख्खं वर्ल्ड हार्डमोडमध्ये, म्हणजे बऱ्याच कठीण टप्प्यात, जातं, ते परत फिरत नाही.